उपाशी पोटी

माझं रक्त लई चांगलं आहे. हे माझं मत नाही. शिकल्यासवरल्या माणसांनी ते नळीत धरून, यंत्रात फिरवून ठरवलंय. म्हातारपणी रक्तात जी पडझड दिसते ती माझ्यात फारशी दिसत नाही म्हणे. पूर्वी हा विषय मी चारचौघांत मुद्दाम काढायचो. आता दुसऱ्या कुणी काढला तर माझं डोकं फिरतं. कारण माझी बायको ज्या दिवशी स्वयंपाकघरात पडली तो माझ्या रक्ताचा दिवस होता, आणि त्या पडण्यातून ती पुन्हा उभी राहिली नाही. मुलगी म्हणते, "बाबा, या दोन गोष्टी जोडू नका." मी कुठं जोडतोय? त्या जोडलेल्याच आहेत.

आधी स्वतःबद्दल सांगतो, म्हणजे माझ्या स्वभावाचा अंदाज येईल. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. आयुष्याचा मोठा भाग कन्नड गावच्या स्टँडवर गेला, शेवटची थोडी वर्षं इथं शहरात. खिडकीत बसायचं, गाड्या लावायच्या, माईकवर ओरडायचं आणि "गाडी कधी येणार हो?" असं विचारणाऱ्यावर खेकसायचं. बाजाराच्या दिवशी तर त्या खिडकीवर माणसं अशी चढायची की जणू गाडी माझ्या टेबलाखाली दडवून ठेवलीय. तेव्हा आवाज चढला तो निवृत्तीनंतरही उतरला नाही. घरी मीठ मागायचं असलं तरी मी सूचना दिल्यासारखं मागायचो. ही म्हणायची, "अहो, मी फलाटावर नाय, गॅसपाशी हाय. हळू बोला की."

निवृत्तीनंतर रोज पहाटे चालायला जायचो. सत्तरी ओलांडल्यावर एक दिवस मैदानाच्या कडेला झाडाखाली टेबल मांडून एक बाई बसलेल्या दिसल्या. चष्मा, गळ्यात ओळखपत्र, पुढ्यात छापील कागद. मला वाटलं, विमा विकतायत. मी तोंड फिरवून निघालो तर हाक आली, "आजोबा, एक मिनिट."

"आजोबा कुणाला म्हणता?" मी म्हणालो.

"बरं, काका," बाई हसल्या. "तुम्ही इतकं भराभर चालता म्हणूनच थांबवलं."

झालं, तिथंच मी विरघळलो. स्तुतीपुढं मी कायमच कच्चा. त्या बाई एका संशोधन संस्थेत रक्तावर काम करायच्या. पुढं सगळी वर्षं मी त्यांना मॅडम म्हणत आलो. त्यांनी मला बाकावर बसवून नीट समजावलं. आपण खातो त्याचं शरीर काय काय करतं, त्यातून बारीक बारीक शेकडो पदार्थ तयार होतात आणि रक्तातून फिरत राहतात. "चुलीतली राख बघून कळतं ना, आत बाभूळ जळली की कापसाची पऱ्हाटी? तसं या पदार्थांवरून आत काय चाललंय त्याचा माग लागतो. काही माणसं ऐंशीतही टणटणीत असतात, काही साठीतच वाकतात. असं का, ते रक्तात दिसतं का बघायचंय." त्या पदार्थांना मेटाबोलाइट म्हणतात. घरी पोचेपर्यंत मी त्याचा मेटॅडोर करून टाकला होता, आणि पुढं आमच्या घरात तोच शब्द चालला.

त्यांना माणसं हवी होती ती सत्तरीच्या पुढची, पण निरोगी. बीपी नको, शुगर नको, रोजची गोळी नको. मी म्हणालो, "मॅडम, मला शेवटची गोळी लागली ती लिमलेटची." त्यांनी माझं नाव लिहून घेतलं आणि बजावलं, "परवा सकाळी उपाशी पोटी या."

मी घरी येऊन जाहीर केलं, "परवा मला उपास आहे."

"कशाचा?" ही म्हणाली. "परवा ना सोमवार, ना चतुर्थी."

"रक्ताचा."

तिनं जास्त विचारलं नाही. आमच्याकडं उपासाला कारण लागत नाही, साबुदाणा लागतो. तिनं रात्री साबुदाणा भिजवला, पहाटे उठून खिचडी केली, भरपूर दाण्याचा कूट, वर दही. मी ती चापून हाणली, ढेकर दिला आणि रक्त द्यायला गेलो. तिथं मॅडमनी विचारलं, "काका, काही खाल्लं नाही ना?"

"छे! उपास आहे. नुसती खिचडी खाल्ली."

सगळी खोली हसायला लागली. मॅडमनी हसू दाबत सांगितलं, "काका, उपास वेगळा आणि उपाशी वेगळं. आता पुढच्या आठवड्यात या." मी तणतणत घरी आलो आणि सगळा राग हिच्यावर काढला. ती शांतपणे म्हणाली, "तुम्हीच उपास म्हणालात. उपाशी म्हणाला असता तर मी गॅस बी पेटवला नसता." मग थोड्या वेळानं तिनं विचारलं, "म्हंजे काहीच नाय? चहा बी नाय?"

"पाणी चालतं फक्त."

"तुम्हाला भूक निघत नाय," ती म्हणाली. एवढंच बोलली आणि कामाला लागली. हे वाक्य माझ्या कानावरून गेलं. लग्न झाल्यापासून तिची अशी किती वाक्यं माझ्या कानावरून गेली असतील देव जाणे.

पुढच्या आठवड्यात तीही बरोबर आली. लग्नाकार्याला नेसायची हिरवी साडी नेसून. मी म्हटलं, रक्त द्यायला चाललोय, वऱ्हाडाला नाही. तर म्हणाली, "मला बी घेतील की. तुमचं घेतात तर माझ्यात काय काटे हायेत?" तिथं बाकावर बसून तिनं दंडावरची बाही आधीच वर करून ठेवली होती. मॅडमनी विचारलं, "काकू, काही औषध चालू आहे?"

"नाय, काय नाय. शुगरची गोळी तेवढी."

मॅडमचा चेहरा पडला. "मग नाही हो घेता येणार काकू. आम्हाला सध्या फक्त निरोगी माणसं हवीत."

तिनं बाही खाली ओढली.  परत येताना रिक्षात ती अर्ध्या रस्त्यात अचानक म्हणाली, "आजारी माणसं म्हातारी होत नायत व्हय?"

मी खो खो हसलो. "तू नापास," मी म्हणालो, "आणि मी पास. आयुष्यात पहिल्यांदा." तीही हसली. पण हात मात्र त्या बाहीवरच होता.

त्यानंतर दरवर्षी माझा रक्ताचा दिवस यायचा. मला तो सणासारखा. रक्त घेऊन झालं की चालायला लावायचे, खुर्चीवरून हात न टेकता उठायला लावायचे, ताकद मोजायची एक काट्याची लोखंडी मूठ दाबायला द्यायचे. ती मूठ मी अशी दाबायचो की जणू तिनंच माझी गाडी उशिरा आणली. मग प्रश्न. काय खाता, किती झोपता, तेल कुठलं, जेवता कधी? मी ऐटीत सांगायचो. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, ताक, दिवस मावळायला जेवण, जागरण नाही. सगळं असं सांगायचो की जणू मीच पहाटे उठून भाकरी थापतो. हे करून कोण घालतं, असं त्यांनी कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. अंबाडीला मी घरी नाकं मुरडायचो, "काय रोज पालापाचोळा!" असं ओरडायचो, तेही सांगितलं नाही.

हे सगळं झालं की तिथंच नाश्ता मिळायचा. पोहे, केळं, चहा. त्यानंतर मी गुलमंडीच्या बाजारात जायचो. तिथं माझ्या मित्राचं कापडाचं दुकान आहे. गादीवर मांडी घालून बसायचं, कचोरी मागवायची आणि गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात रक्ताचा अहवाल सांगायचा. मित्र म्हणायचा, "अरे, तुझं रक्त काय कुठला वाण आहे का? बी धरणारेत का त्याचं?" मग घरी. घरी पोचलो की ही पोहे परतायला घ्यायची. तिच्या पोह्यांचा वास आला की मला पुन्हा भूक लागायची. मी बसायचो, समोर ती बसायची, आणि दोघं खायचो. तिकडं मी काही खाऊन आलोय हे मी तिला कधी बोललो नाही. लपवलं म्हणावं तर तसंही नाही. समोर बशी आल्यावर कोण सांगत बसतं?

आता तिच्या शुगरचं सांगतो, कारण तिथंही माझाच कारभार होता. डॉक्टरांनी सांगितलं, सकाळी गोळी, मग अर्ध्या तासानं खाणं, गोड बंद. मी ते वेळापत्रकच करून टाकलं. सकाळी मी स्वतः तिच्या हातावर गोळी ठेवायचो, पाणी द्यायचो, घोट घेतलेला बघायचो. साखरेचा डबा मी घरातून हद्दपार केला, गुळाची ढेप मुलीकडं पाठवून दिली. कुणी पेढे आणले तर दारातून परत. "साखर दिसली तर माझ्याशी गाठ आहे," असा दम. ती म्हणायची, "तुमच्या राज्यात चहा म्हंजे नुसतं तापवलेलं पाणी." पण घ्यायची गोळी, प्यायची तो चहा. मला वाटायचं, मी हिला जपतोय. जपतच होतो म्हणा. पण जपताना माणसाकडं बघावंही लागतं, ते मला जमलं नाही.

आणखी एक जुनी गोष्ट. कन्नडला असताना माझ्या ड्युटीचा काही ताळमेळ नसायचा. दुपारी दोनला येईन म्हणून गेलेला मी दिवेलागणीला यायचो, आणि ही तशीच बसलेली असायची. नवरा जेवल्याशिवाय जेवायचं नाही, ही तिच्या आईची शिकवण. एकदा आलो तर ती ग्लानी आल्यासारखी भिंतीला टेकलेली. मी असा भडकलो की शेजारपाजारचे दारात आले. "मी काय जावई लागून गेलोय का? माझी वाट बघत मरू नकोस. जेवून घेत जा!" ती "व्हय" म्हणाली. तिच्या 'व्हय'चं एक होतं, त्यात हो किती आणि तुम्ही बोला मी ऐकते किती, ते मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही. पण नंतर आलो की ताट झाकलेलं, आणि "माझं झालं" असं ती सांगायची. निवृत्तीनंतर तर आम्ही रोजच समोरासमोर जेवायचो. मला वाटलं, ते खूळ कन्नडलाच राहिलं.

त्या वर्षी, म्हणजे गेल्याच्या गेल्या साली, मी नेहमीसारखा तयार झालो. तिच्या हातावर गोळी ठेवली. तिनं ती पाण्याबरोबर घेतली. मी निघताना म्हणालोही, हे मी देवाशपथ सांगतो, "अर्ध्या तासानं खाऊन घे, काय?"

"व्हय, खाते. निघा तुम्ही, तुमचा मेटॅडोर चुकंल."

ते तिचं धडधाकट अवस्थेतलं शेवटचं बोलणं. थट्टेतच.

संस्थेत त्या दिवशी बाहेरगावचे पाहुणे आले होते. त्यांना अभ्यास दाखवायचा होता, आणि दाखवायला सगळ्यात ठणठणीत कोण? मीच. मला खुर्चीवरून उठवलं, चालवलं, मूठ दाबायला लावली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मी फुगलो. फोन बंद ठेवा म्हणाले म्हणून आवाज बंद केला होता, तो परत चालू करायचं भान कुठलं राहतंय? पोहे खाल्ले, चहा झाला, मग गुलमंडी. मित्राला टाळ्यांचं सांगितलं. त्यानं कचोरी मागवली, ती संपल्यावर आणखी मागवली. उन्हं डोक्यावर आली तेव्हा उठलो. गल्लीत शिरलो तर आमच्या दारात बायका उभ्या.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक मुसलमान कुटुंब राहतं. तिथल्या भाभी आणि ही, दोघींचं गूळपीठ, भाभी हिला आपा म्हणायच्या. त्यांच्याकडून शिरखुर्मा, आमच्याकडून पुरणपोळी, आणि दिवसभर ओट्यावर कधी मराठीत, कधी दखनीत गप्पा. भांडं पडल्याचा आवाज ऐकून भाभीच धावत आल्या होत्या. ही गॅसपाशी पडलेली, घामानं डबडबलेली, शुद्ध अर्धवट. भाभींच्या नवऱ्यालाही शुगर, त्यामुळं त्यांना लगेच कळलं की साखर उतरलीय. त्यांनी आमच्या स्वयंपाकघरात डबे उघडून साखर शोधली. माझ्या राज्यात साखर कुठून सापडणार? मग त्या पळत आपल्या घरी गेल्या, साखर आणली आणि हिच्या तोंडात घातली. ही शुद्धीवर आली. पण खुब्याचं हाड मोडलं होतं.

गॅसवर कढई होती. चिरलेला कांदा, भिजवलेले पोहे, शेजारी दोन रिकाम्या बशा. फोडणी मी आल्यावर द्यायची होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "सकाळी काय खाल्लं होतं यांनी?"

"खाल्लंय ना," मी ठासून म्हणालो. "मी सांगून गेलो होतो." ही खाटेवर डोळे मिटून पडली होती. भाभींनी माझी बाही धरून मला बाहेर नेलं.

"भाईसाब, बुरा नक्को मानो," त्या म्हणाल्या. "तुमच्या खूनवाल्या दिवशी आपा काहीच खात नाहीत. चहासुद्धा नाही. मी दरसाल बघते. मी विचारते, आपा, रोजा है क्या? तर हसतात. म्हणतात, उनो भुके गए, मेरे गले से नक्को उतरता."

मी तसाच आत गेलो. रडायला येत होतं, म्हणून ओरडलो. मला दुसरं येतं काय? "कुणी सांगितलं होतं उपाशी राहायला? आँ? माझं रक्त काढायचं होतं, तुझं नाही!"

तिनं डोळे उघडले. "सांगायला कशाला पायजे कुणी? तुम्ही उपाशी गेलात. तुम्हाला भूक निघत नाय. मी इथं बसून खाऊ व्हय?"

"अगं, पण मी उपाशी नसतो! रक्त काढलं की ते तिथंच पोहे देतात. मी खातो. मग गुलमंडीत कचोरी खातो!"

 मला वाटलं, आता चिडेल. चिडायलाच हवं होतं. पण तिच्या ओठाचा कोपरा हलला. "कचोरी बी?" ती म्हणाली. मग म्हणाली, "मला वाटायचं, घरी येऊनच खाता. कसे भुकेजल्यागत खायचात माझे पोहे."

 दरवर्षी ती माझ्या भुकेला सोबत म्हणून उपाशी बसली होती, आणि ती भूक केव्हाच संपलेली असायची. "मी तिकडं खाऊन येतो" एवढे चार शब्द मी कधी बोललो असतो तर तिनं फोडणी घातली असती, खाल्लं असतं, आणि मी आल्यावर म्हणाली असती, "माझं झालं." एरवी बडबड्या माणूस मी. गावभर सूचना देत फिरलो आणि घरात द्यायची ती राहिली. आणि तिला अभ्यासात घेतलं असतं तरी हे टळलं असतं, हाही विचार पाठ सोडत नाही. रक्त देणाऱ्याला ते सगळं विचारतात, गोळी कधीची, खाणं कधीचं, चक्कर येते का. तिला विचारणारं कुणी नव्हतं. ती नापास होती ना!

हाडाचं ऑपरेशन झालं, पण अंथरूण सुटलं नाही. मी भाकरी थापायला शिकलो. पहिल्या भाकरीला ती म्हणाली, "ह्याचं रक्त काढलं तर काय निघंल देव जाणे," आणि तरी खाल्ली. मी समोर बसून आधी तिला भरवायचो. तिला ते आवडायचं नाही, "तुम्ही घ्या आधी" म्हणायची. मी म्हणायचो, गपचूप खा. एकदाचा मी तिच्यानंतर जेवायला लागलो, तेही फार दिवस लाभलं नाही. छातीत कफ धरला आणि दिवाळीच्या तोंडावर ती गेली.

गेल्या साली संस्थेतून बोलावणं आलं तेव्हा मी तब्येत बरी नाही म्हणून टाळलं. माझी तब्येत बरी नाही, हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा उच्चारलं. मॅडम बाहेरगावी होत्या, दुसऱ्याच कुणी फोन केला होता, त्यामुळं जास्त बोलणं झालं नाही. यंदा पुन्हा फोन आला. आवाज नवा, उत्साही.

"काका, या वर्षी जोडीनं यायचं हं! एकाच घरात, एकाच हातचं जेवणाऱ्या नवराबायकोच्या रक्तात काय सारखं, काय वेगळं, ते बघायचंय. काकूंना शुगर आहे असं इथं लिहिलंय, पण आता चालतं. आजारी माणसंही घेतो आम्ही. फक्त काकूंना सांगा, त्या दिवशी सकाळची गोळी घ्यायची नाही, आणि रक्त दिल्याबरोबर लगेच खायचं. सोबत साखर ठेवा."

 कुणी एवढं नीट, एवढं मायेनं सांगत होतं. मग जुन्या सवयीनं जे तोंडात आलं ते बोललो. "त्यांची गाडी गेली."

"अच्छा, गावाला गेल्यात का? मग आल्या की दोघं या."

"बरं," मी म्हणालो आणि फोन ठेवला. स्टँडवर कुणी एवढ्या उशिरा आलं असतं तर मी त्याला खिडकीतून झापलं असतं. या पोरीला काय झापणार? आजारी माणसं म्हातारी होत नाहीत का, हा प्रश्न आता त्यांनाही पडला, एवढंच. फक्त विचारणारी राहिली नव्हती.

जायचं नाही असंच ठरवलं होतं. पण मग वाटलं, आता जोड्या बोलावतायत तर दोघंही उपाशी असतील, दोघांनाही खायला सांगतील. पण माझ्यासारखे एकटे जाणारेही असतीलच, आणि त्यांच्या घरी कुणी ना कुणी बसलेलं असेल, बायको असेल, आई असेल. त्यांच्यासाठी एक सांगायचं होतं, म्हणून गेलो. रात्रीपासून काही न खाता गेलो. घरून निघताना जिच्या हातावर गोळी ठेवायची ती नव्हती, तरी पाण्याचा पेला भरला गेला.

मॅडम भेटल्या. केस पिकले होते त्यांचे. "काकू आल्या?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. न ओरडता सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, "काका, तेव्हाच घ्यायला हवं होतं त्यांचं." मी म्हणालो, "ते राहू द्या. फोन करता तेव्हा एक सूचना वाढवा."

"सांगा ना."

मी खुर्चीत ताठ बसलो. आवाज आपोआप माईकवरचा झाला, फक्त हळू होता. "घरी थांबणाऱ्यांनी जेवून घ्यावे. वाट पाहू नये."

मॅडमनी ते शब्द जसेच्या तसे म्हणून बघितले, आणि फोन करणाऱ्या पोरीला बोलावून पाठ करायला लावले.

मग माझं रक्त घेतलं. चांगलंच असणार, त्याला काय धाड भरलीय! लोखंडी मूठ दिली ती मी दाबली, पण राग येईना, त्यामुळं काटा फारसा हलला नाही. पोह्यांची बशी समोर आली. वाफ येत होती, वर कोथिंबीर, लिंबाची फोड. मी बशी हळूच मागं सरकवली आणि उठलो. रिक्षावाल्यानं विचारलं, "गुलमंडी?" तो मला ओळखतो. मी म्हणालो, "नाही, सरळ घरी."

गल्लीत भाभी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मला बघून त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "आज बहोत जल्दी आ गए भाईसाब?"

मी मान हलवली आणि कुलपात किल्ली घातली.

"नाश्ता झाला का?"

"नाही भाभी," मी म्हणालो. "उपाशीच आलोय."

इतक्या वर्षांत, ती समजायची तसा, मी पहिल्यांदाच खरोखर उपाशी घरी आलो होतो. आत जाऊन मी दोन बशांपुरते पोहे भिजत घातले.